दोघांची मागची खोली

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास जावयाने बाबांच्या चौदा पानी टिपणावर चहाचा कप ठेवला, तेव्हाच खरं म्हणजे त्या टिपणाचा निकाल लागला होता. ‘जहाजाच्या मागच्या टोकाची बाल्कनीची खोली : गुणदोषविचार’ असं त्याचं नाव. बाबा आठ दिवस त्यावर खपले होते. सात प्रती काढल्या होत्या, आणि छापून झाल्यावर तीन चुका सापडल्या म्हणून पंधराव्या पानावर शुद्धिपत्रही जोडलं होतं. चाळीस वर्षं लोकांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासलेल्या माणसाच्या स्वतःच्या लेखनात तीन चुका निघाव्यात, ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली तर काय, या धास्तीने त्यांना काल दुपारची झोपसुद्धा लागली नव्हती. ती धास्ती अगदीच अनाठायी ठरली. सुनेने आपल्या प्रतीने वारा घ्यायला सुरुवात केली होती. मुलीने आपली प्रत टेबलाच्या डगमगत्या पायाखाली घातली होती आणि टेबल खरोखरच डगमगायचं थांबलं होतं. एवढा उपयोग आपल्या लेखनाचा याआधी कधी झाला नव्हता, हे बाबांनी मनातल्या मनात मान्य केलं.

“मी पूर्ण वाचलं,” आक्का म्हणाली.

बाबांचा चेहरा उजळला.

“दोनदा वाचलं. सात पानं मागची खोली घ्यावी म्हणून, सात पानं घेऊ नये म्हणून. तुला काय हवंय ते कुठल्या पानावर आहे?”

बाबा म्हणाले की दोन्ही बाजू मांडणं हे टिपणाचं काम असतं. आक्का ही त्यांची सहा वर्षांनी मोठी बहीण, ब्याऐंशीची, आणि आयुष्यभर मुख्याध्यापिका राहिलेली. तिने चष्म्यावरून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. इयत्ता चौथीत उत्तर न आल्यावर ती जशी पाहायची, तसंच. लहानपणी बाबांना ‘शुद्धिपत्र’ हे नाव तिनेच ठेवलं होतं, कारण हा मुलगा बोलून झाल्यावर अर्ध्या तासाने येऊन ‘मघाशी मी म्हणालो ते तसं नव्हतं’ असं सांगायचा.

हे सगळं सुरू झालं होतं अगदी सरळ. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार, तर दोघांना आठ दिवस जहाजाच्या सफरीवर पाठवायचं असं मुलाने आणि मुलीने ठरवलं. दोघांना. मग आक्का म्हणाली की तिने समुद्र नेहमी काठावरूनच पाहिला आहे. तिला नाही म्हणण्याची छाती कुणाचीच नव्हती. आक्का जाणार तर तिच्या गुडघ्याकडे बघायला सून हवी, कारण सून फिजिओथेरपिस्ट. सून जाणार तर मुलगा घरी राहून काय करणार. आणि भाऊ जातोय म्हटल्यावर मुलगी मागे राहील हे तर जन्मात शक्य नव्हतं. ती जावयालाही घेऊन येणार होती. जावई पियानोचे सूर लावायचा. त्याचा कान फार तयार होता आणि बहुधा म्हणूनच तो या घरात फारसं ऐकून घेत नसे. असे दोघांचे सात झाले. प्रत्येक टप्प्यावर बाबा “हो हो, चालेल की” म्हणाले होते.

आता जेवणाच्या टेबलावर जहाजाचा नकाशा पसरला होता. चार कागद चिकटपट्टीने जोडलेले. उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर मिठाची बाटली आणि दुसऱ्यावर मुलीच्या दातांच्या दवाखान्यातला प्लास्टरचा जबडा. दोन बेत होते. एक, जहाजाच्या मधोमध एकाला एक लागून तीन खोल्या, मध्ये ये-जा करायला दारं, आणि आक्काची खाट आईबाबांच्या खोलीत, कारण गेल्या वर्षी न्हाणीघरात पडल्यापासून आक्काने रात्री एकटं झोपायचं नाही असं सर्वांनी तिला न विचारता ठरवलं होतं. दुसरा बेत म्हणजे आईबाबांनी अगदी मागच्या टोकाची बाल्कनीची खोली घ्यायची. तिथे तिसरी खाट मावत नव्हती. तशी एकच खोली उरली होती आणि सफरीच्या कचेरीतल्या बाईंनी ती पाच वाजेपर्यंत धरून ठेवली होती.

आणि बाबांना ती खोली हवी होती. फार हवी होती. ती का हवी, हे त्या चौदा पानांत कुठेही नव्हतं.

पन्नास वर्षांपूर्वी लग्न झाल्यावर दोघं चार दिवस एका तळ्याकाठी गेले होते. दोघं म्हणजे चौघं. बाबांची आई आणि आक्का सोबत होत्या. त्या विश्रामगृहाच्या गल्ल्यावरच्या माणसाने तीन खोल्या दाखवल्या. मागची छोटी, दोघांची, खिडकीखाली थेट पाणी. तिच्या शेजारी आणखी एक तशीच. आणि पुढची मोठी, चार खाटांची, रस्त्याकडे तोंड करून. बायका सामानापाशी उभ्या होत्या. आपण दोघांसाठी वेगळी खोली मागितली तर हा माणूस काय म्हणेल, आई काय म्हणेल, या विचारानेच सव्वीस वर्षांच्या त्या नवऱ्याचे कान लाल झाले, आणि तो चार खाटांची खोली घेऊन परत आला. “प्रशस्त आहे,” असं तो म्हणाला होता. चार दिवस ट्रकांचे भोंगे ऐकले. त्याची बायको, म्हणजे आताची आई, पुढे तीस वर्षं मुलांना पोहायला शिकवत राहिली, पाण्यातच तिचा दिवस जायचा, पण त्या तळ्याचा विषय तिने कधी काढला नाही. गेल्या महिन्यात मात्र जहाजाचं चित्र बघता बघता ती मागच्या बाल्कनीवर बोट ठेवून म्हणाली होती, “इथनं मागे पडणारं पाणी दिसत असेल, नाही?” आणि मग बोट उचलून भाजी निवडायला गेली होती.

तेवढ्या एका वाक्यावर बाबांनी चौदा पानं लिहिली. त्यातलं ते वाक्य तेवढं लिहायचं राहिलं.

मुलगा लिफ्टच्या कंपनीत इंजिनियर होता आणि जगातली प्रत्येक वस्तू वर-खाली कशी होते यावर त्याचं मत असे. त्याने पेन्सिलीवर पट्टी आडवी ठेवून दाखवली. पट्टी हलली की टोकं उचलली जातात, मधला भाग जागच्या जागी राहतो. “मध्ये पोटातलं पाणी हलत नाही,” तो म्हणाला. “मागे खाली यंत्रं, त्यांची थरथर. आणि बाबांना तर न्हाव्याच्या खुर्चीत मागे रेललं तरी गरगरतं.”

हे खरं होतं. बाबांना झोपाळ्यावर गरगरायचं, गाडीच्या मागच्या सीटवर गरगरायचं. आईने एकदा त्यांना पोहायला शिकवायचा घाट घातला होता. आठवडाभर ते कमरेएवढ्या पाण्यात दांडी धरून उभे राहिले आणि समोरच्या नियमांच्या फलकावरच्या दोन चुका शोधून बाहेर आले.

मुलगी मागच्या खोलीच्या बाजूने होती, मुख्यतः भाऊ मधल्या खोलीच्या बाजूने होता म्हणून. ती म्हणाली की मागच्या बाल्कन्या मोठ्या असतात, वारा कमी लागतो, आणि पन्नास वर्षांनी तरी माणसांना जरा एकांत मिळू द्या. बाबांनी तिच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. सुनेने तेवढ्यात शांतपणे विचारलं की मग आत्या कुणाच्या खोलीत झोपणार. नकाशाप्रमाणे तिसरी खाट आता मुलीच्याच खोलीत मावत होती. मग मुलगी म्हणाली की तसं बघायला गेलं तर यंत्रांची थरथर दातांच्या मुळांना चांगली नसते.

“असं कुठे असतं?” तिच्या भावाने विचारलं.

“तू लिफ्ट बघ. दात मी बघते.”

पण ती आता त्याच्याच बाजूला येऊन बसली होती. आणि सून, जी सकाळपर्यंत गुडघ्यासाठी मधली खोलीच बरी म्हणत होती, तिला मधल्या दारांचा नव्याने विचार सुचला. सासरे रोज पहाटे पाच वाजता घसा साफ करतात. तो आवाज या घरात दोन भिंती ओलांडून येतो. जहाजावर तर नुसतं दार. तिने बाबांच्या टिपणाने वारा घेणं थांबवून ते उघडलं आणि चौथ्या पानावरचा बाल्कनीचा मुद्दा किती योग्य आहे ते सगळ्यांना सांगितलं. आपल्याला आयुष्यात मिळालेली ही पहिली अनुकूल समीक्षा आपल्या खोकल्यामुळे मिळाली आहे हे बाबांना कळत होतं, तरी बरं वाटायचं ते वाटलंच.

आक्का हे सगळं ऐकत होती. तिला कुठे ठेवायचं याची चर्चा तिच्यासमोर, तिच्याच प्रकृतीच्या काळजीने, चालू होती. ती नकाशावरचा प्लास्टरचा जबडा उघड-मीट करत बसली होती. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कप पुसत होती. मुलीने तिला विचारलं, तुला काय वाटतं. आई म्हणाली, “यांना सोसेल ते.” बाबांना वाटलं, आता बोलावं. ते उठून उभेसुद्धा राहिले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी घसा साफ केला, सुनेने डोळे मिटले, आणि बाबा म्हणाले की पंधराव्या पानावर शुद्धिपत्र आहे, ते कृपया बघावं. मग ते बसले.

साडेचार वाजता आक्काने डबा मागवला.

डबा म्हणजे त्यांच्या वडिलांचा. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. एकेक शिशाचं अक्षर उचलून ओळ रचायचे. जुने झिजलेले खिळे ठेवायचा हा पत्र्याचा डबा त्यांनी घरी आणला, आणि घरात एकमत होईना की त्यात चिठ्ठ्या टाकायची पद्धत पाडली. नाव लिहायचं नाही. ज्याला मत नसेल त्याची चिठ्ठी बाजूला काढायची. बरोबरी झाली तर घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाची चिठ्ठी दुप्पट धरायची. या डब्याने आजवर दोन घरं, एक गाडी आणि जावई मंजूर केला होता. चिठ्ठ्या वाचायच्या बाबांनी, कारण घरात वाचण्याचं काम त्यांचं. वाचलेली चिठ्ठी आक्काने घ्यायची आणि छापखान्यातल्याच उभ्या तारेवर टोचून ठेवायची. नाव नसतं, पण बाबांना सातही हस्ताक्षरं ओळखू येत. आणि त्यांचा स्वतःचा नियम असा की बहुमत कुठे जाईल याचा आधी अंदाज घ्यायचा आणि तेच लिहायचं, म्हणजे कुणाचं मन दुखावत नाही. आजवर ते एकदाही हरले नव्हते आणि एकदाही त्यांना हवं ते मिळालं नव्हतं.

आज त्यांनी ‘मागे’ लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं.

त्यांनी डबा हलवून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. पहिली, मुलाचं ताठ अक्षर : मध्ये. आक्काने टोचली. दुसरी सुनेची : मागे. तिसरी मुलीची, औषधाच्या चिठ्ठीसारखी, पण वाचता आली : मध्ये. चौथी त्यांची स्वतःची. मागे. चिठ्ठीवर ‘बहुमत असेल ते’ असं लिहिणारा पाचवा म्हणजे जावई. ती बाजूला काढली. दोनास दोन. दोन चिठ्ठ्या राहिल्या होत्या, आईची आणि आक्काची. आक्का मध्येच लिहिणार हे उघड होतं. मध्ये तिची खाट होती, जेवणघर जवळ होतं, भाऊ हाताशी होता. सगळं आईच्या चिठ्ठीवर आहे असं बाबांना वाटलं; बरोबरीचा नियम त्या घाईत त्यांच्या डोक्यातून निसटला होता.

त्यांनी सहावी उघडली. आईचं तिरपं, पुढे झुकलेलं अक्षर. तरुणपणी ती त्यांच्यासमोर बसून मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि ते मुद्रित तपासायचे. तिला सगळ्या खुणा येत होत्या. त्या अक्षरात लिहिलं होतं, मध्ये.

यांना सोसेल ते. बाबांच्या कानात ते वाक्य पुन्हा वाजलं. चाळीस वर्षांत त्यांनी समोर छापलेलं होतं त्याहून वेगळं एक अक्षरही वाचलं नव्हतं. लेखकांनी भांडणं केली, मालकांनी दम दिले, तरी नाही. आता त्यांना त्यांचाच आवाज ऐकू आला, अगदी शांत, सवयीचा.

“मागे.”

दारातला कप पुसण्याचा आवाज थांबला.

आणि मग त्यांनी ती चिठ्ठी आक्काच्या हातात दिली. दिली म्हणजे हातानेच दिली. वाचून झालेला कागद उजवीकडच्या माणसाकडे सरकवायचा, ही चाळीस वर्षांची सवय. डोक्याला कळेपर्यंत कागद पलीकडे पोचला होता. आयुष्यातलं पहिलं खोटं बोलून त्याचा पुरावा अर्ध्या क्षणात मुख्याध्यापिकेच्या स्वाधीन करणारा गुन्हेगार जगात दुसरा नसेल, असं त्यांना वाटलं. आक्काने चष्मा नीट केला. चिठ्ठी वाचली. भावाकडे पाहिलं. मग ती उपडी करून तारेवर टोचली आणि म्हणाली, “पुढची.”

बाबांनी सातवी उघडली. आक्काचं वळणदार, फळ्यावरचं अक्षर.

मागे.

“मागे,” बाबा म्हणाले.

मुलाने मोजलं. चार मागे, दोन मध्ये. तो म्हणाला की मागची थरथर सोसली नाही तर त्याला बोल लावायचा नाही, आणि फोन लावायला उठला. मुलीने लगेच विचारलं की मग आत्याचं काय. आक्काने जबडा खाली ठेवला.

“मला आतली लहान खोली सांग रे, खिडकी नसलेली. लिफ्टच्या जवळची. मी ऐंशी वर्षं माझी माझी झोपले आहे. कुणाच्या खोलीत ठेवायला मी पेटी नाही.”

सुनेने न्हाणीघराचा विषय काढला. आक्का म्हणाली की पडले तर लिफ्टवाला जवळच आहे. मुलगा हसला आणि फोनवर बोलत बोलत बाल्कनीत गेला. त्याच्यामागे दोघी भांडत गेल्या. जावई त्या डगमगत्या टेबलाच्या पायावर टिचकी मारून स्वर ऐकत होता. त्यालाही मुलीने हाक मारली.

बाबा मनातल्या मनात गणित करत होते. आईची चिठ्ठी होती तशी वाचली असती तर तिनास तीन. बरोबरी झाली की मोठ्या माणसाची दुप्पट. मोठी आक्का. आक्काची चिठ्ठी मागे.

“हो,” आक्का म्हणाली. त्यांच्या चेहऱ्यावरचं गणित तिला वाचता येत होतं. “गरज नव्हती. शहात्तर वर्षांत एकदा खोटं बोललास, तेही फुकट गेलं.”

“तू मागे का लिहिलंस?”

“त्या तळ्यावरच्या खोलीत चौथी खाट माझी होती, शुद्धिपत्रा. तुझी बायको चार दिवस रस्त्याकडे तोंड करून केस विंचरत होती. मी बघितलं आहे.” तिने तारेवरून ती एक चिठ्ठी सोडवली, घडी केली आणि त्यांच्या खिशात कोंबली. “जा आत. तिला मोजता येतं.”

आई ओट्याशी उभी होती. सहा कप पुसून झाले होते आणि सातवा हातात होता. बाबा दारातच थांबले.

“अहो, माझी चिठ्ठी वाचलीत ना?”

“वाचली.”

“मी मध्ये लिहिलं होतं.”

“हो.”

“तुम्हाला मागे उलट्या होतील.”

“होतील,” बाबा म्हणाले. “बाल्कनी आहे.”

तिला हसू आलं, पण तिने ते कपाकडे वळवलं. बाबांना वाटलं, आता इथे थांबलं तरी चालेल. सगळं मनासारखं झालं होतं. पण अर्ध्या तासाने येऊन दुरुस्ती सांगणारा तो जुना मुलगा त्यांना गप्प बसू देईना. आणि ही दुरुस्ती तर पन्नास वर्षं उशिराची होती.

“तेव्हाची ती चार खाटांची खोली,” ते म्हणाले, “माझ्या आईने नव्हती मागितली.”

आईचा हात थांबला.

“कुणीच मागितली नव्हती. मागची दोघांची होती. मला मागायला लाज वाटली.”

बाहेर मुलगा फोनवर खोलीचा क्रमांक दोनदा म्हणून दाखवत होता.

“मला वाटायचं, सासूबाईंनीच,” ती म्हणाली. “बारा वर्षं होत्या त्या आपल्यात. मी त्यांच्याशी कधी मोकळेपणाने बोलले नाही. त्या चार दिवसांपासून.”

“मला माहीत आहे.”

“आणि तुम्ही सांगितलं नाहीत.”

“नाही.”

याला टिपणातलं कुठलंच पान उपयोगाचं नव्हतं. तिने कप ठेवला, पंचाला हात पुसले आणि ओट्यावर पडलेली तिची प्रत उचलली. ती तिने वाचली होती. कडेला कुठेकुठे तिच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, तीन नाही, पाच चुका सापडल्याच्या.

“हे यात आहे का?”

“नाही.”

“मग चौदा पानं कशाला लिहिलीत?” तिने प्रत उलटी करून शेवटचं पान वर काढलं आणि पेन्सिल त्यांच्यापुढे धरली. “लिहा. जागा आहे.”

शुद्धिपत्राच्या तीन ओळींखाली बाबांनी चौथी लिहिली. साचा पाठ होता : ‘प्रशस्त’ ऐवजी ‘भित्रा’ वाचावे. लिहून झाल्यावर नेहमीप्रमाणे शंका आली. खोलीच्या विशेषणाच्या जागी माणसाचं विशेषण कसं चालेल, कुणी वाचलं तर काय म्हणेल, पोरं म्हातारपणी हसतील. त्यांनी ‘भित्रा’वर एक रेघ ओढली.

आईने पेन्सिल काढून घेतली. खोडलेल्या त्या शब्दाखाली तिने सावकाश, एकापुढे एक, बारीक टिंबं दिली. छापखान्यात त्या खुणेचा अर्थ एकच असतो. खोडलं आहे ते खोडू नये, होतं तसं राहू द्यावं.

मग तिने सातवा कप उचलला आणि पुसायला घेतला.